हिंमतबहादर गोसावी : एका वृद्ध संन्याशाची शेवटची सही

४ सप्टेंबर १८०३ या दिवशी उत्तर हिंदुस्थानात दोन घटना घडल्या. जनरल लेकने शिंद्यांचा अलीगडचा किल्ला हल्ला करून घेतला. ही घटना दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या प्रत्येक वर्णनात सापडते. त्याच दिवशी शाहपूर येथे सत्तरीला टेकलेल्या एका संन्याशाने ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला आणि बुंदेलखंडाचे दार इंग्रजांना उघडून दिले. ही दुसरी घटना आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. हा संन्यासी हजारोंच्या फौजेचा सेनापती होता आणि अर्धशतकभर रणांगणावर वावरला होता. त्याचे नाव अनूपगिरी गोसावी. मराठ्यांच्या पत्रव्यवहारात तो ‘हिंमतबहादर’ म्हणून भेटतो.

मित्रहो, धागा लांब आहे आणि थोडा वादाचाही आहे.

समाजमाध्यमांवर नागा साधूंची दोनच रूपे फिरत असतात. एकात भस्म फासलेला, जटाधारी, हाती तलवार घेतलेला धर्मरक्षक असतो. कोणत्याही कुंभमेळ्याच्या तोंडावर हे चित्र हजारोंनी वाटले जाते. दुसरे रूप मराठ्यांच्या इतिहासावर प्रेम करणाऱ्या मंडळींत आढळते. तिथे अनूपगिरीचे नाव निघाले की ‘गद्दार’ एवढा एकच शब्द पुरेसा वाटतो. माझ्या मते ही दोन्ही चित्रे आळसातून निर्माण झाली आहेत. अनूपगिरीने धनी अनेकदा बदलले, यात वाद नाही. पण १८०३ चा बदल आधीच्या सर्व बदलांहून निराळा होता, आणि तो निराळा का होता हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर निकाल देऊ नये.

हा विषय ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वाचकांना दूरचा वाटेल. तो तसा नाही. कल्याणच्या गांधारी पुलाखालून वाहणारी उल्हास नदी पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या त्या वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने जो तह केला, त्याचे धागे थेट बुंदेलखंडातल्या या वृद्ध गोसाव्यापर्यंत पोहोचतात. त्या तहाकडे पुढे वळूच.

संन्यासी आणि लढाई यांचा मेळ आपल्या भागाला तसा अपरिचितही नाही. १७३७ ते १७३९ या काळात ठाणे, साष्टी, वसई पोर्तुगीजांकडून घेतली गेली, त्या मोहिमेमागे धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचा आग्रह होता. स्वामींनी स्वतः तलवार धरली नाही. त्यांचे शस्त्र पत्र आणि कर्ज हे होते, आणि पहिला बाजीराव त्यांच्या कर्जाच्या ओझ्याखाली किती त्रासला होता हे त्याच्या पत्रांतून कळते. संन्यासी म्हणजे संसारातून पूर्ण बाहेर पडलेला माणूस, ही आजची समजूत अठराव्या शतकाला लावून चालत नाही.

अनूपगिरी मात्र ब्रह्मेंद्रस्वामींच्या जातकुळीचा नव्हता. तो दशनामी परंपरेतला. गिरी, पुरी, भारती, सरस्वती अशा दहा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या संन्याशांचे आखाडे होते, आणि आखाडा हा शब्द तेव्हा शब्दशः घेतला जाई. कुस्ती, भाला, तलवार, पुढे बंदूक आणि बाणही. यांचेच दुसरे अंग व्यापाराचे. तीर्थयात्रेच्या वाटा या व्यापाराच्याही वाटा असत. शस्त्रधारी आणि साधू म्हणून पूज्य अशा माणसाला त्या वाटांवर सहसा कोणी अडवत नसे. त्यातून गोसावी सावकार झाले. पुण्याच्या सोमवार पेठेतले त्रिशुंड गणपतीचे मंदिर हे या संपन्नतेचे आपल्या जवळचे उदाहरण. भीमगिरजी गोसाव्याने १७५४ मध्ये त्याचे काम सुरू केले. त्याच्या दर्शनी भिंतीवर एक विलक्षण शिल्प आहे : इंग्रज शिपाई एका गेंड्याला साखळदंडाने जखडत आहेत. बंगाल-आसामकडे कंपनीने चालवलेल्या उद्योगाचे ते रूपक असावे असा अर्थ सामान्यतः लावला जातो. तसे असेल तर पुण्यातल्या गोसाव्यांना उत्तरेची खबर पुण्यातल्या मुत्सद्द्यांइतकीच होती म्हणायची. कल्याणहून सकाळची गाडी पकडली तर एका दिवसात पाहून येता येते, अवश्य पाहा.

आखाड्याचे लष्करी सामर्थ्य त्याच्या रचनेत होते. राजाच्या सैन्यात पगार थकला की शिपाई पळतो, सरदार मेला की मुलगे भांडतात. आखाड्यात गुरू आणि चेला हे नाते असे. गुरूमागून चेला गादीवर येई, आणि खालच्या प्रत्येक माणसाचे घर, जात, गाव सारे काही आखाडाच. अशी तुकडी धन्याची नोकरी करी, पण तिची निष्ठा धन्याशी नसे. ती आपल्या महंताशी असे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर अनूपगिरीचे आयुष्य पुष्कळ उलगडते.

त्याचा जन्म बुंदेलखंडातला. तो आणि त्याचा भाऊ उमरावगिरी लहानपणीच राजेंद्रगिरी गोसाव्याचे चेले झाले. राजेंद्रगिरी हा कमालीचा धाडसी पुरुष. १७५१ मध्ये बंगश पठाणांनी प्रयागच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा त्याने आपल्या नागांसह पठाणांवर वारंवार छापे घातले, आणि अवधच्या सफदरजंगाने त्याला मानाने चाकरीत घेतले. १७५३ मध्ये दिल्लीजवळच्या यादवीत तो पडला. फौज दोघा भावांकडे आली आणि सफदरजंगानंतर शुजाउद्दौल्याच्या सेवेत गेली.

आता पानिपत. १७५७ मध्ये अब्दालीच्या फौजेने मथुरा-वृंदावन उद्ध्वस्त केले, तेव्हा गोकुळाच्या वेशीवर नागा साधू लढले आणि गोकुळ वाचले. समाजमाध्यमांवरचे चित्र या प्रसंगावर उभे आहे, आणि प्रसंग खरा आहे. परंतु चारच वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, अनूपगिरीचे नागा पानिपतच्या मैदानावर शुजाच्या सैन्यात, म्हणजे अब्दालीच्या बाजूला उभे होते. नग्न साधू आपल्या छावणीत मोकळे फिरतात हे खुद्द अब्दालीला रुचले नाही आणि त्याने त्यांचा तळ दूर हलवायला लावला, असेही वर्णन मिळते. गोकुळचा प्रसंग सांगणारे पानिपतचा सांगत नाहीत, आणि पानिपतचा सांगणारे गोकुळ विसरतात.

पानिपतचा दुसरा अर्धा भाग तर दोघेही गाळतात. लढाईनंतर विश्वासरावाचे शव शुजाच्या तळावर आणले गेले. अफगाणांना ते पेंढा भरून विजयचिन्ह म्हणून काबूलला न्यायचे होते. ते टळले आणि विश्वासराव व भाऊसाहेब यांच्या देहांना हिंदू रीतीने अग्नी मिळाला, तो शुजाच्या दरबारातला काशिराज आणि अनूपगिरी-उमरावगिरी यांच्या खटपटीमुळे. पेशव्याच्या मुलाला अग्नी मिळावा म्हणून धडपडणारा माणूस त्याच दिवशी पेशव्याच्या फौजेविरुद्ध उभा होता. आपल्याला यात विसंगती वाटते, कारण आपण धर्म आणि राजकीय पक्ष एकच धरून चालतो. अनूपगिरीला ती वाटली असेल असे दिसत नाही. चाकरी शुजाची होती. मृताला अग्नी देणे हा धर्म होता.

पुढची वीस वर्षे झरझर सांगतो. १७६४ मध्ये बक्सरला तो शुजाच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध लढला. हे वाक्य लक्षात असू द्या. मग जाट राजा जवाहिरसिंह, पुन्हा शुजा, त्यानंतर दिल्लीचा वजनदार सरदार नजफखान. कुठे जहागीर, कुठे थकबाकी, कुठे रुसवा. धनी बुडू लागला की गोसावी काठावर पोहोचलेला असे. दोन्ही डगरींवर हात ठेवणारा अशी त्याची ख्याती हयातीतच झाली होती. पण याला त्या काळच्या हिंदुस्थानात अपवाद कोण होता? लष्करी चाकरीचा तो बाजार होता, आणि त्या बाजारात अनूपगिरी सर्वांत जुना, सर्वांत जाणता व्यापारी होता.

१७८४ मध्ये महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाचे वकील-ए-मुतलक झाले. त्या घडामोडींत हिंमतबहादर महादजींना उपयोगी पडला. मैत्री टिकली नाही. महादजींनी उत्तरेतल्या जुन्या जहागिऱ्यांचे हिशेब मागायला सुरुवात केली, त्यात गोसाव्याच्या जहागिरीही आल्या, आणि दोघांत वितुष्ट आले.

यानंतरचा प्रसंग मला या साऱ्या चरित्रात सर्वांत बोलका वाटतो. १७८९ मध्ये मथुरेच्या मुक्कामात महादजी गंभीर आजारी पडले. अंगभर गळवे उठली, वैद्य-हकीम थकले. मग संशय निघाला की हा जादूटोणा आहे. वृंदावनातल्या एका स्त्रीला पकडले गेले आणि तिच्या तोंडून हिंमतबहादराचे नाव बाहेर आले. महादजींनी त्याला धरायला माणसे पाठवली. वृद्धत्वाकडे झुकलेल्या या गोसाव्याने अशा वेळी जे केले ते त्याच्या सर्व लढायांपेक्षा चतुर होते : तो निसटून अली बहादराच्या छावणीत जाऊन बसला.

अली बहादर म्हणजे पहिला बाजीराव आणि मस्तानी यांचा नातू. पानिपतावर झालेल्या जखमांनी मेलेल्या समशेर बहादराचा मुलगा. नाना फडणवीसांनी त्याला उत्तरेत महादजींच्या मदतीला, आणि खरे सांगायचे तर महादजींवर नजर ठेवायलाही, पाठवले होते. त्याच्या छावणीवर पेशव्यांचे निशाण होते. त्या निशाणाखाली शिरलेल्या माणसाला महादजी ओढून काढू शकत नव्हते, आणि शरण आलेल्याला अली बहादर देऊ शकत नव्हता. पुणे आणि शिंदे यांच्यात जी फट होती, ती या संन्याशाने अचूक हेरली आणि तिच्यात आपला जीव सुरक्षित ठेवला. मराठ्यांची दोन मोठी माणसे एका गोसाव्यापायी महिनोन् महिने एकमेकांवर धुमसत राहिली. याचा दोष केवळ गोसाव्याला देणे मला तरी जमत नाही.

अली बहादर आणि हिंमतबहादर यांनी मग बुंदेलखंड जिंकायला घेतले. छत्रसालाने बाजीरावाला दिलेल्या वाट्यामुळे पेशव्यांचा त्या प्रदेशावर जुना हक्क होता. अली बहादराच्या दृष्टीने ते आजीचे माहेरही होते. गोसाव्याला त्या मुलखाची खडान्‌खडा माहिती. १७९२ मध्ये अजयगडजवळच्या लढाईत अर्जुनसिंह पवार मारला गेला आणि बांद्याभोवतीचा मोठा प्रदेश हाती आला. या लढाईवर कवी पद्माकराने ‘हिम्मतबहादुर विरुदावली’ रचली. हिंदी साहित्याचे विद्यार्थी आपल्या नायकाला ओळखतात, मराठी इतिहासाचे विद्यार्थी ओळखत नाहीत, ही एक गंमतच.

दहा-बारा वर्षे हा डाव चालला. नंतर एकेक खांब कोसळला. महादजी १७९४ मध्ये गेले, नाना १८०० मध्ये. १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्यात अली बहादर मरण पावला. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव महाडमार्गे कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या जहाजातून वसईला आला.

वसईच्या तहाने पेशव्याने कंपनीच्या सहा पलटणी पदरी घेतल्या, त्यांच्या खर्चासाठी वार्षिक २६ लाखांचा मुलूख लावून दिला आणि परराज्यांशी बोलणी कंपनीच्या सल्ल्याने करण्याचे मान्य केले. ठाण्याचा किल्ला तर १७७४ च्या डिसेंबरापासूनच इंग्रजांकडे होता. म्हणजे वसईत सही करणाऱ्या पेशव्याच्या पाठीशी ज्या किनाऱ्याचा आधार होता, तो किनाराच निम्मा परका झालेला होता.

आता बांद्याला बसलेल्या वृद्ध गोसाव्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तेरा वर्षे ज्याच्याबरोबर काढली तो अली बहादर नाही. त्याचा मुलगा समशेर बहादर पुण्याहून वारसा मागत येतो आहे आणि त्याला या जुन्या भागीदाराविषयी प्रेम असण्याचे कारण नाही. दौलतराव शिंदे युद्धाच्या तयारीत आहेत, पण शिंद्यांच्या घराशी गोसाव्याचे जादूटोण्यापासूनचे वैर. मूळ धनी जो पेशवा, त्याने आठ महिन्यांपूर्वीच कंपनीचा हात धरला आहे. फौजेला पगार हवा आहे. यमुनेच्या पलीकडे कंपनीचे सैन्य उभे आहे आणि सुमारे २० लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख देऊ करते आहे.

त्याने सही केली. लगेच कर्नल पॉवेलची फौज यमुना उतरून आली, गोसावी तिला मिळाला, आणि ऑक्टोबरात दोघांनी मिळून समशेर बहादराचा पराभव केला. जानेवारी १८०४ पर्यंत समशेर बहादर शरण आला आणि वार्षिक ४ लाखांच्या तनख्यावर राहिला.

‘गद्दार’ म्हणणाऱ्यांना माझा एक साधा प्रश्न आहे : कोणाशी गद्दारी? पेशव्याशी म्हणाल, तर डिसेंबर १८०३ मध्ये, म्हणजे शाहपूरनंतर तीनच महिन्यांनी, खुद्द पेशव्याने वसईच्या तहाला पुरवणी जोडून बुंदेलखंडातला ३६ लाख १६ हजारांचा मुलूख कंपनीला लिहून दिला. गोसाव्याने दार उघडले खरे, पण घराचे खरेदीखत पुण्याच्या धन्यानेच करून दिले. आपण बाजीरावाला दुबळा म्हणतो आणि अनूपगिरीला गद्दार. जन्माने पेशवा असलेल्याला एक शब्द, भाडोत्री गोसाव्याला दुसरा. हा भेदभाव मला पटत नाही.

मग तो निर्दोष? तेही नाही. बचाव करणारे म्हणतात की त्याने आयुष्यभर जे केले तेच १८०३ मध्ये केले. मला नेमके इथेच खटकते. आधीचे सगळे धनी सोडता येण्याजोगे होते. शुजाकडून जाटांकडे, जाटांकडून परत शुजाकडे, महादजींकडून अली बहादराकडे. रुसावे, निघावे, पुन्हा यावे. त्याची सारी हुशारी, सारी किंमत यावर अवलंबून होती की बाजारात नेहमी दुसरा गिऱ्हाईक असे. कंपनी हा बाजारातला आणखी एक गिऱ्हाईक नव्हता. तो बाजारच विकत घेणारा होता. आणि हे ओळखायला त्याच्याइतका योग्य माणूस हिंदुस्थानात क्वचितच असेल. बक्सरला त्याने कंपनीची कवायती फौज समोरून पाहिली होती. शुजाचे अवध पुढे तनख्या-तैनातीत कसे अडकत गेले तेही त्याच्या डोळ्यांसमोर घडले होते. बंगालमध्ये कंपनीने शस्त्रधारी संन्याशांच्या टोळ्यांवर बंदी घातली, त्यांच्याशी वर्षानुवर्षे लढून त्यांना मोडून काढले, हे गोसाव्यांच्या वाटांवरून त्याच्या कानी आले नसेल हे संभवत नाही. सशस्त्र महंताला कंपनीच्या राज्यात जागा नव्हती, आणि हे त्याला कळायला हवे होते.

कदाचित कळलेही असेल. माणूस म्हातारा होता. पंचवीस वर्षांचा अनूपगिरी पुढच्या वीस वर्षांचा विचार करी; सत्तरीच्या अनूपगिरीपुढे फौजेचा पुढच्या महिन्याचा पगार आणि मागे राहणाऱ्या माणसांची सोय एवढेच उरले असावे. हा माझा अंदाज आहे, पुरावा नव्हे. पण वृद्ध सेनापतींविषयी आपण लिहितो तेव्हा त्यांचे वय विसरतो आणि प्रत्येक निर्णय जणू भर तारुण्यात, नकाशा समोर ठेवून घेतला गेला असे समजून न्यायनिवाडा करतो, याची मला चीड येते. मल्हारराव होळकर, महादजी, नाना, सगळ्यांच्या बाबतीत आपण हेच करतो.

करारानंतर वर्षही पुरे झाले नाही. जून १८०४ मध्ये अनूपगिरी मरण पावला. कंपनीने फारसा वेळ न दवडता २० लाखांचा मुलूख परत घेतला, फौजेची गरज संपल्याचे ठरवले आणि घराण्याला त्यामानाने लहानशी जहागीर देऊन विषय मिटवला. राजेंद्रगिरीने प्रयागला उभी केलेली फौज अर्धशतक तुर्क, पठाण, जाट, मराठे यांच्या कचाट्यातून तगली होती. ती कोणत्याही लढाईत न हरता, एका कारकुनी फेरफाराने संपली.

ज्या समशेर बहादराला गोसाव्याने इंग्रजांच्या साहाय्याने हरवले, त्याचे घराणे बांद्याचे नवाब म्हणून तनख्यावर राहिले. १८५७ मध्ये त्याच घरातला दुसरा अली बहादर इंग्रजांविरुद्ध उभा राहिला, तात्या टोप्यांबरोबर लढला, गादी गमावून बसला आणि उरलेले आयुष्य इंदूरला नजरेखाली काढले. बाजीराव-मस्तानीच्या वंशाची ही कहाणी चित्रपटाने जिथे सोडली त्यानंतरची आहे. ती पुढच्या धाग्यात.